केंद्रातून बरा होऊन आलेल्या माणसाला घरात जागा असते का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ बरीच वर्षं हेरॉइन घेतोय. तीन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, तिन्ही वेळा कोर्स पूर्ण केला, तिथे असताना अगदी शहाण्यासारखा राहतो, नवीन आलेल्यांना मदत करतो, आणि घरी आला की दोन-तीन महिन्यांत परत सुरू. आता तो चौथ्यांदा बाहेर यायचाय आणि घरात वाद लागलाय. वडील म्हणतात त्याच्यात इच्छाशक्तीच नाही, आई म्हणते यापुढे केंद्रच बदलू, आणि तुम्ही विचारलंय की आमच्या घरात, नातेवाइकांत, आजूबाजूला असं काही आहे का जे त्याला परत ओढतं.

आहे. आणि तुम्ही हे विचारलंत याचं मला खूप बरं वाटलं, कारण बहुतेक घरं हा प्रश्न विचारतच नाहीत. मी या क्षेत्रात काउन्सेलर म्हणून बरीच वर्षं काम करते आहे आणि माझं मत सरळ सांगते, केंद्रात शरीरातली नशा निघते, सवयी थोड्या बदलतात, पण माणसांत परत बसायचं ते घरी आल्यावरच, कारण ती माणसं केंद्रात नसतात ना. आणि घरी आलेल्या माणसाला बऱ्याचदा बसायला जागाच उरलेली नसते. घर मायेचं असलं तरी नसते. मला मुख्य हेच सांगायचंय, पण त्याआधी दोन गोष्टी.

पहिली, वडिलांच्या इच्छाशक्तीबद्दल. उपचारानंतर परत नशेकडे वळण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के धरलं जातं. २००० साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी व्यसनाची तुलना इतर जुनाट आजारांशी केली होती, त्यात रक्तदाब आणि दम्याच्या पेशंटांचा त्रास परत उसळण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के होतं. म्हणजे औषधं चुकवणं, पथ्य मोडणं, परत डॉक्टरकडे पळणं हे तिथेही तेवढंच आहे, फक्त दम्याचा अटॅक परत आला म्हणून कोणी त्या पेशंटला निर्लज्ज म्हणत नाही. तीनदा घसरला याचा अर्थ त्याला सुधारायचं नाही असा काढू नका. तो चौथ्यांदा गेलाय हेही बघा की, ज्याला काही नकोच असतं तो जात नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे म्हणून आधी सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. काही आठवडे हेरॉइन बंद असलं की शरीराची सहनशक्ती उतरते. आधी जो डोस तो रोज पचवायचा तोच डोस आता श्वास बंद पाडू शकतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट निघाला होता. केंद्रातून बाहेर पडल्यावरचा काळही असाच नाजूक असतो. म्हणून नॅलोक्सोन नावाचं औषध, जे ओपिऑइडचा, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या पदार्थांचा, परिणाम काही मिनिटांत उलटवतं, ते कुठे मिळेल आणि कसं द्यायचं हे त्याच्या डॉक्टरांना तो घरी यायच्या आत विचारून ठेवा. ते दिलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचंच, कारण त्याचा असर उतरल्यावर श्वास परत मंदावू शकतो. आणि एक लक्षात घ्या, अशी माणसं पुष्कळदा एकटी मरतात, दाराला आतून कडी लावून, कारण घरच्यांना कळलं तर काय होईल याची भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी झालेली असते. घसरलो तर घरी सांगता येईल असं वातावरण ठेवणं हा लाड नाहीये, त्याने जीव वाचतो.

आता घराकडे येते.

नशा करणारा माणूस ज्या घरात असतो तिथे काय काय होत जातं बघा. पहिले पैसे जातात, मग वस्तू जातात, मग शब्दावरचा विश्वास जातो, आणि हे सगळं होत असताना घर हळूहळू त्याच्याशिवाय चालायला शिकतं. कपाटाला कुलूप लागतं. बिलं भरायचं काम बहिणीकडे येतं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं काम दुसऱ्या भावाकडे जातं, त्याची खोली दुसरं कोणीतरी वापरायला लागतं, पाहुणे आले की त्याच्याबद्दल न बोलायचं हे न ठरवता ठरतं. यात कोणाचंच चुकलेलं नसतं, असं केलं नसतं तर घर बुडालंच असतं. पण मग एक दिवस तो बरा होऊन दारात येतो आणि बघतो तर त्याच्यासाठी घरात एकच काम शिल्लक आहे, ते म्हणजे नशा न करणं. सकाळी उठून नशा करायची नाही, दुपारी करायची नाही, संध्याकाळी घराबाहेर पडायचं नाही म्हणजे नशा करायची वेळ येणार नाही, आणि रात्री सगळे म्हणणार की आजचा दिवस बरा गेला. तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाने दिवसभर फक्त एखादी गोष्ट न करण्यावर किती दिवस काढायचे? केंद्रात तरी त्याला झाडू मारायची पाळी असते, किचनची पाळी असते, नवीन पोरं त्याला दादा म्हणून सल्ला विचारतात. तुमचा भाऊ तिथे शहाणा आणि घरी बिघडतो याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

याच्यापुढचं जरा कडू आहे पण सांगते. घरातला एक माणूस वाया गेलेला असला की बाकीच्यांच्या जागा त्याच्याभोवती पक्क्या होतात. एक जण गुणी ठरतो, एक सोशीक ठरते, आईवडिलांची आपसातली जुनी भांडणं मागे पडतात कारण त्याचं संकट सगळ्यात मोठं असतं. तो खरोखर सुधारायला लागला की हे सगळं हलतं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे पोरगा क्लीन झाला आणि सहा महिन्यांत आईवडिलांचं बोलणं बंद झालं, कारण आता बोलायला मधला विषयच उरला नाही. कोणी मुद्दाम त्याला मागे ढकलत नाही हो, पण तो परत घसरला की घरात दुःखाबरोबर एक ओळखीची शांतता पण येते, सगळ्यांना आपापलं काम परत माहीत असतं. हे घरात मोठ्याने बोलायची गरज नाही पण तुम्ही मनात ठेवा, म्हणजे तो बरा असताना घरात उगाच चिडचिड वाढली तर ती कुठून येतेय ते ओळखू येईल.

आणि पहारा. तो बाथरूममध्ये किती वेळ होता, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसतात का, खिशात काय आहे, फोन कोणाचा होता. मी याला वाईट म्हणत नाही, ज्यांनी एवढं भोगलंय ते बघणारच. पण चोवीस तास संशयाखाली राहणाऱ्याला शेवटी वाटायला लागतं की नशा केली काय न केली काय, बघणार तसंच. त्यावर मी घरांना एक मार्ग सांगते, तपासणी घरातून बाहेर काढा. ठरलेल्या दिवशी दवाखान्यात लघवीची टेस्ट, त्याच्या संमतीने, रिपोर्ट डॉक्टर सगळ्यांसमोर सांगतील, आणि त्या बदल्यात घरात कोणी खिसे तपासायचे नाहीत. हे लिहून ठेवा, दोन्हीकडच्यांनी पाळायचं. सुरुवातीला आईला हे अवघड जाईल, पण घर म्हणजे पोलीस चौकी नाही हे त्याला आणि आईला दोघांनाही कळायला लागतं.

मग जागा द्यायची म्हणजे काय करायचं? लगेच पैशाचे व्यवहार हातात द्यायचे असं अजिबात नाही, ते सगळ्यात शेवटी आणि टप्प्याटप्प्याने. आधी असं काम द्यायचं ज्यात पैसा नाही पण दुसऱ्या कोणाला त्याची खरंच गरज आहे, आणि त्याने ते नाही केलं तर कोणाचं तरी अडेल. एका घरात आजोबांना रोज व्यायाम करून घ्यायचं काम नातवाला दिलं होतं. आजोबा तसे खडूस, पण याची वाट बघायचे, आणि कोणीतरी आपली वाट बघतंय ही गोष्ट त्या पोराच्या आयुष्यात कित्येक वर्षांनी घडत होती. काम देताना मात्र आधी ते जो करत होता त्याने खरंच सोडायला पाहिजे. मागे उभं राहून सूचना देत राहिलं तर ते काम दिल्यासारखं होत नाही.

जागा आणि जबाबदारी याचा किती फरक पडतो हे आकड्यातही दिसलंय. अमेरिकेत १९७५ पासून ऑक्सफर्ड हाउस नावाची घरं चालतात. त्यात डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, सावरणारे लोक स्वतः भाड्याचं घर चालवतात. निर्णय मतदानाने, खर्च सगळ्यांचा, आणि नशा केली तर घर सोडायचं, एवढेच नियम. प्रत्येकाकडे काहीतरी पद असतं, कोणी अध्यक्ष, कोणी खजिनदार. म्हणजे काल जो घरच्यांचे पैसे चोरत होता त्याच्याकडे आज सगळ्यांचं भाडं गोळा करायचं काम. उपचार संपवून निघालेल्या १५० लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून दोन वर्षं अभ्यास केला, तर नेहमीच्या पद्धतीने सोडलेल्यांपैकी साधारण ६५ टक्के लोक परत नशा करत होते आणि या घरांत राहायला गेलेल्यांपैकी साधारण ३१ टक्के. औषध वेगळं नव्हतं, थेरपी वेगळी नव्हती. फरक होता तो राहायची जागा, सोबतची माणसं आणि हातातल्या कामाचा.

परिसराचंही तसंच. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे जे सैनिक होते त्यांच्यात हेरॉइन इतकं पसरलं होतं की १९७१ साली सरकारने घरी परतायच्या आधी प्रत्येकाची लघवी तपासायला सुरुवात केली. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. जवळजवळ निम्म्यांनी तिकडे अफू किंवा हेरॉइन घेतलं होतं, साधारण पाचातला एक जण तिथे असताना व्यसनी झाला होता, आणि घरी आल्यावर पहिल्या वर्षात या व्यसनी झालेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लोक परत अडकले. लोकांचा तेव्हा विश्वास बसेना. पण विचार करा, ते ज्या जागी नशा करत होते ती जागा, ते सोबती, ती भीती, सगळं समुद्रापलीकडे राहिलं आणि ते जिथे आले तिथे त्यांच्यासाठी मुलगा, नवरा, कामगार अशा जुन्या जागा होत्या. तुमच्या भावाचं नेमकं उलटं आहे. तो बरा होतो परक्या जागी आणि परत येतो त्याच गल्लीत, तोच नाका, तेच मित्र, तोच जिना जिथे बसून तो घ्यायचा. तलफ ही मेंदूत असते हे खरं पण तिला जाग येते ती जागेने, वासाने, माणसाने, पगाराच्या दिवसाने सुद्धा. शक्य असेल तर पहिले काही महिने दुसऱ्या भागात राहू दे त्याला, पण एकटं नको, एकटेपणा हा स्वतःच मोठा ट्रिगर आहे. नसेल शक्य तर निदान रस्ते बदला आणि तलफ यायच्या वेळा भरून काढा.

मित्रांबद्दल एक बोलते, कारण घरचे म्हणतात ते मित्र सोड, आणि तो हो म्हणतो, आणि मग त्याला एकही मित्र उरत नाही. नशेच्या दुनियेत त्याला नाव असतं, ओळख असते, चांगला माल कोणाकडे आहे, पोलीस कधी येतात, टर्की लागलेल्या, म्हणजे नशा न मिळाल्याने तडफडणाऱ्या माणसाला कसं सांभाळायचं हे ज्ञान असतं, तिथे तो कोणीतरी असतो. इकडे घरी तो फक्त सुधारलेला व्यसनी असतो. म्हणून नवीन माणसं मिळाल्याशिवाय जुनी सुटत नाहीत, आणि अशी माणसं जिथे खात्रीने मिळतात ती जागा म्हणजे सेल्फ हेल्प ग्रुप, व्यसनातून सावरणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला. दारू सोडणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली ओहायोतल्या अॅक्रन गावी सुरू झालं, त्याच धर्तीवर नार्कोटिक्स अॅनॉनिमस १९५३ साली कॅलिफोर्नियात. तिथे वीस वर्षं क्लीन असलेला माणूस आणि काल आलेला माणूस एकाच रांगेत बसतात, आणि ज्या गोष्टीची घरी लाज वाटते तीच तिथे दुसऱ्याच्या उपयोगाची ठरते. काहींना त्यातली देवाची, उच्च शक्तीची भाषा पटत नाही, त्यांच्यावर लादू नका, तसे नसलेले ग्रुपही आहेत. पण काहींसाठी श्रद्धा हाच आधार असतो आणि आमच्यातलेच काही शिकलेले लोक त्याला नाकं मुरडतात ते मला अजिबात आवडत नाही. माणूस कशाला धरून उभा राहतोय ते बघा, धरू द्या.

आता समाज काय करू शकतो याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सांगते. ते दारूचं आहे, पण शिकण्यासारखं सगळं त्यात आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अल्कली लेक म्हणून आदिवासी वस्ती आहे. त्यांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या घरापासून तोडून मिशनच्या निवासी शाळांत ठेवली गेली, भाषा गेली, आईवडिलांकडून आईबाप व्हायला शिकायचं ते राहिलं, आणि १९६० च्या दशकात तिथे जवळजवळ सगळी मोठी माणसं दारूत होती. १९७२ साली फिलिस चेल्सी नावाच्या बाईने दारू सोडली, कारण तिच्या लहान मुलीने आजीकडून घरी यायला नकार दिला. काही दिवसांतच नवरा अँडीने सोडली, पुढे तो वस्तीचा प्रमुख झाला. सुरुवातीला दोघंच, बाकीचे टाळायचे त्यांना. मग हळूहळू एकेक जण, आणि १५ वर्षांच्या आत वस्तीतली बहुसंख्य माणसं दारूपासून दूर झाली. त्यांनी केलं काय? दारू आणून विकणाऱ्यांवर कडक झाले, ते एक. पण मला मोठं वाटतं ते दुसरं. कोणी उपचाराला गेला की मागे वस्तीने त्याच्या मुलांना सांभाळायचं, त्याचं घर डागडुजी करून ठेवायचं, आणि तो परत येईल तेव्हा त्याला काम तयार ठेवायचं. म्हणजे माणूस बरा होऊन येतो आणि बघतो की आपल्या गैरहजेरीत आपली जागा कोणी बळकावली नाही, उलट झाडून पुसून ठेवली. शिवाय त्यांचे जुने विधी, ढोल, गाणी, वडीलधाऱ्यांचं सांगणं, जे बंद पाडलं होतं ते त्यांनी परत सुरू केलं. म्हणजे फक्त नशा सोड असं न सांगता नशा सोडून कुठे यायचं तेही त्यांच्याकडे होतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण सिनॅनॉनचं, १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था. तिथे गोलात बसवून एकेकाला तासन्‌तास शिव्या घालायच्या, अपमान करायचा, म्हणजे तो मोडेल आणि नवा बनेल अशी कल्पना. सुरुवातीला तिचं फार कौतुक झालं, पुढे ती हिंसक पंथासारखी झाली. पण त्या विचाराची पिलं जगभरच्या केंद्रांत पोचली, अजूनही कुठे कुठे टक्कल करतात, गळ्यात पाटी अडकवतात, मारतात. तुम्ही केंद्र बदलायचा विचार करताय तर हे नक्की बघा. अपमानाने सुधारणारी माणसं असती तर नशेतली माणसं कधीच सुधारली असती, कारण त्यांच्याइतका अपमान कोणाच्या वाट्याला येत नाही.

बायकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही तरी लिहिते, कारण वाचणाऱ्यांत कोणाची तरी बहीण, बायको, मुलगी असेल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या जागतिक अहवालात असं आहे की अमली पदार्थांमुळे आजारी झालेल्या पुरुषांपैकी साधारण ७ मधल्या एकाला उपचार मिळतो, आणि बायकांमध्ये १८ मधल्या एकीला. कारण कोणाला सांगायची गरज नाही. पुरुष व्यसनी असला तर घर त्याला केंद्रात नेतं, बाई व्यसनी असली तर घर तिला लपवतं. मुलं काढून घेतील ही भीती वेगळीच. आणि पुष्कळदा तिला नशा देणारा तिचाच जोडीदार असतो, म्हणजे ती बरी होऊन जिथे परत जाते तिथेच माल असतो. तिच्यासाठी मुलांसकट राहता येईल अशी सोय नसेल तर बाकी सगळी थेरपी अर्धवट राहते.

औषधांवरून पण तुमच्याकडे वाद होणार आहे म्हणून सांगते. हेरॉइनसारख्या ओपिऑइडच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं दीर्घकाळ देतात, तीही ओपिऑइडच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेथाडोनचा असा उपचार १९६० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी सुरू केला, आणि २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही आहेत. माणूस हा उपचार घेत असेपर्यंत मरणाचं प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. तरी घरचे म्हणतात एक नशा सोडून दुसरी, आणि काही वेळा ग्रुपमधलेच लोक म्हणतात की गोळी घेतोस म्हणजे तू क्लीन नाहीस. मग तो लाजेपोटी गोळी बंद करतो आणि दोन महिन्यांत घसरतो. तुमच्या भावाला डॉक्टरांनी हे सुचवलं असेल तर कृपा करून ते किती दिवस चालणार म्हणून रोज विचारू नका. गोळी घेऊन वेळेवर कामाला जाणारा, घरी जेवणारा, झोपणारा माणूस बरा झालेला माणूस आहे. ती कधी कमी करायची ते डॉक्टर आणि तो ठरवतील.

कामधंद्याचं थोडक्यात. नोकरी लागली की सुधारेल असं म्हणतात, त्यात तथ्य आहे पण घाई नको, पहिल्याच महिन्यात जास्त पगाराची, रात्रपाळीची, खिशात रोख रक्कम येणारी नोकरी धोक्याची. आणि नोकरी देणाराही घाबरतो, गॅप विचारतो. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरती नशा बाळगणं गुन्ह्यातून काढलं एवढंच लोकांना माहीत असतं, पण सावरणाऱ्या माणसाला कामावर घेणाऱ्या मालकाला त्याच्या पगाराचा काही भाग सरकार देत होतं, हे कमी जण सांगतात. नुसता कायदा सैल करून अशा माणसाला काम मिळालं नसतं. तुमच्या ओळखीत कोणी छोटा व्यवसाय करणारा असेल, खरं सांगून काम देणारा, तर तो लाख मोलाचा.

खरं सांगून म्हटलं त्यावरून शेवटचा आणि तुम्हाला छळणारा मुद्दा, नातेवाइकांना काय सांगायचं. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. पण घराने बाहेर खोटं बोलायचं ठरवलं, तो परगावी ट्रेनिंगला होता वगैरे, की त्याला परत आल्यावर प्रत्येक समारंभात ते खोटं जगावं लागतं, आणि खोटं सांभाळणं ही तर नशेच्या दिवसांतली सगळ्यात जुनी सवय. त्याच्याशी बोलून एक वाक्य ठरवा जे सगळे सारखं बोलतील. तो आजारी होता, उपचार घेतले, आता बरा आहे. एवढं पुरतं. जास्त खोदणाऱ्याला दुसरा विषय काढून द्या. आणि दोन-तीन जवळच्या माणसांना मात्र पूर्ण खरं माहीत असू दे, म्हणजे रात्री-अपरात्री फोन करायला कोणी असेल.

आता तो यायच्या आत काय करायचं ते. घरातले सगळे त्याच्याशिवाय एकदा बसा आणि तीन गोष्टी ठरवा, टेस्ट कशी आणि कुठे, पैसे कोणाकडे आणि कुठपर्यंत, आणि घसरला तर आपण काय करणार. हे तिसरं ठरवताना घराबाहेर काढीन वगैरे जे करणार नाही ते बोलू नका. घसरला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, केंद्रात परत जायचं की नाही ते डॉक्टर सांगतील, आणि महिनाभर पैसे हातात नाहीत, असं साधं आणि पाळता येईल असं काहीतरी. मग त्याला भेटायला जाल तेव्हा ते कागदावर दाखवा, त्याचं म्हणणं ऐका, बदलायचं तर बदला. आणि त्याला विचारा घरातलं कुठलं काम तू घेशील. तो जे सांगेल ते कितीही लहान वाटलं तरी तेच द्या.

आई-वडिलांसाठी आणि तुमच्यासाठी पण ग्रुप आहेत. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी फक्त घरच्यांना शिकवायची एक पद्धत तयार केली, क्राफ्ट म्हणतात तिला. त्यात भांडण न करता कसं बोलायचं, नशा केलेली नसेल तेव्हा जवळ कसं यायचं, नशेत असेल तेव्हा बाजूला कसं व्हायचं, आणि स्वतःचं आयुष्य परत कसं सुरू करायचं हे शिकवतात. १९९९ साली उपचाराला साफ नकार देणाऱ्या दारुड्यांच्या घरच्यांवर हे करून बघितलं, तर जवळजवळ दोन तृतीयांश माणसं उपचाराला आली, आणि अचानक सगळ्यांनी मिळून घेरून बोलायच्या पद्धतीने ३० टक्के. तुमचा भाऊ उपचाराला तयार आहेच, पण बोलायची ती पद्धत तो घरी आल्यावरही तितकीच लागते. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एकच ओळ लिहिलीये, की गेली काही वर्षं तुम्ही सुट्टी घेऊन कुठेच गेला नाहीत कारण मागे काय होईल याची भीती वाटते. ताई, तो घरी यायची वाट बघू नका, केंद्रातल्या काउन्सेलरला विचारून घरच्यांच्या ग्रुपला तुम्ही आणि आई याच आठवड्यापासून जायला लागा, वडील नाही आले तरी चालेल, ते बहुतेक वेळा उशिराच येतात.